सोमवारची गोळी

आईच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा माझ्या चालढकलीमुळे गेल्या. त्या जागी पुढे ज्या दाढा बसवायला घेतल्या त्यांचं जे झालं, तेही माझ्यामुळेच झालं, असं मला बरेच महिने वाटत होतं. आता तसं खात्रीने वाटत नाही. ही खात्री गेली हे बरं झालं की वाईट, तेही मला कळत नाही. म्हणून घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहून पाहतो आहे.

आधी त्या दाढांचं. दोन-अडीच वर्षांपूर्वी आई म्हणाली, डाव्या बाजूला चावलं की कळ येते. मी म्हणालो, येत्या रविवारी जाऊ. तिला रविवार सांगायचा आणि रविवारी काहीतरी दुसरं निघायचं, असे किती रविवार गेले ते मोजण्यात अर्थ नाही. ती लवंगेचं तेल लावत राहिली आणि उजव्या बाजूने जेवत राहिली. ती तक्रार करणारी बाई नाही, ही गोष्ट मी माझ्या सोयीने वापरली. शेवटी गाल सुजला तेव्हा तिला विरारलाच एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर दोन्ही वाचल्या असत्या. त्यांनी त्या काढल्या. जखम पंधरा दिवसांत नीट भरून आली. ही भरून आल्याची गोष्ट मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे तिचाच मी स्वतःच्या मनात आधार घेतला.

काढता-घालता येणारी दोन दाढांची छोटी कवळी त्यांनी करून दिली होती. आईने ती चार दिवस घातली. पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर एका वाटीत दिसली, वर झाकण. बायकोने विचारलं तर आई म्हणाली, "ती तारेची वस्तू तोंडात घेऊन बोलले का मला माझाच आवाज दुसऱ्या कोनाचा वाटतो."

आईचं माहेर आणि सासर दोन्ही आगाशीच्या बाजूला, खाडीकडच्या वाड्यांत. वडील गेल्यावर मी तिला विरारला मनवेलपाड्यात आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. भाषा मात्र तिने तिकडचीच ठेवली. पाणी ती 'पानी'च पिते. दर वर्षी मामा वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी पाठवतो. वाळवून मधाच्या रंगाची झालेली, सुक्या पानात बांधलेली. चांगलं सुकेळं चिवट असतं, दाढेखाली धरून ओढावं लागतं. दाढा गेल्यानंतरच्या वर्षी आई विळीवर त्याचे बारीक बारीक तुकडे करून एकेक तोंडात धरून बसलेली मी पाहिली. मी काही बोललो नव्हतो, तरी तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चघळते रे. मला कुठं घाई हाय."

त्याच आठवड्यात मी ठरवलं की आईला पक्क्या दाढा बसवायच्या. जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दाढ लावतात, त्या.

आता गोळीचं सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी आई मामाच्या वाडीत घसरून पडली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हाच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हाडं ठिसूळ झाली आहेत. हाडांची झीज कमी व्हावी म्हणून एक गोळी लिहून दिली. मी शेजारी बसलो होतो. डॉक्टर आईला समजावत होते, "आठवड्यातून एकदाच घ्यायची. वार कुठलाही, पण एकच ठरवा. सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही."

"सोमवार चालल?" आईने विचारलं.

"चालेल की."

"सोमवारी माझा उपास असतो. सकाळी पान्याशिवाय तसं पन काय घेत नाय मी."

डॉक्टर हसले. "मग तर तुम्हाला काहीच अवघड नाही. आणि पाच वर्षांनी पुन्हा दाखवायला या. तेव्हा बघू, चालू ठेवायची की थांबवायची."

आईला त्यातलं एकही पथ्य औषधाचं वाटलं नसावं. उपाशीपोटी, नुसतं पाणी, ठरलेला वार, अर्धा तास बसायचं. हे तर ती लग्नाआधीपासून करत होती. सोमवारी अंघोळ, दिवा, मग तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून गोळी, आणि मग गॅलरीतल्या खुर्चीवर ताठ बसून अर्धा तास जप. गोळ्यांची पट्टी ती देवघराखालच्या खणात ठेवायची, वाती आणि कापराबरोबर. एका पट्टीत चार गोळ्या. संपल्या की मला सांगायची, "वाती संपल्यात, आनि सोमवारची." मी ऑफिसातून येताना दोन्ही आणायचो. औषधवाला चिठ्ठी मागत नसे. तोंडओळख होती.

तिच्या रोजच्या गोळ्या वेगळ्या. ब्लडप्रेशरची आणि थायरॉइडची. त्या सात खणांच्या प्लास्टिकच्या डब्यात मी दर रविवारी भरतो. त्या डब्यात सोमवारची गोळी कधीच नव्हती. आमच्या घरात औषधं म्हणजे तो डबा. सोमवारची गोळी कापराच्या बाजूची वस्तू होती. पाच वर्षं झाली, सहावं लागलं, डॉक्टरांकडे परत जायचं होतं हे मला एकदाही सुचलं नाही. कापूर आणायचा की थांबवायचा हे विचारायला कुणी डॉक्टरकडे जात नाही, तसंच काहीसं झालं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं झालं होतं, एवढंच.

नालासोपाऱ्यात आचोळ्याला एक दातांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टर बाईंचा हात चांगला असं बायकोच्या मैत्रिणीने सांगितलं. डॉक्टर तिशीच्या. मला काका म्हणाल्या, आईला आजी. पहिल्याच भेटीत त्यांच्या मदतनीस मुलीने मला एक दोन पानी फॉर्म दिला. आईचा चष्मा घरी राहिला होता. तो असता तरी तिने स्वतःचा फॉर्म स्वतः भरला असता असं नाही. तिचे सगळे फॉर्म मीच भरतो, बँकेचे, रेशनचे, सोसायटीचे. ती फक्त सही करते.

दुसऱ्या पानावर आजारांची यादी होती. प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही'चे दोन चौकोन. मधुमेह, दमा, हृदयविकार, कावीळ. मी 'नाही'च्या रांगेत वरून खाली खुणा करत आलो. शेवटून तिसरा प्रश्न होता: हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शन घेता का, पूर्वी घेतले आहे का. त्यापुढेही मी 'नाही'वर खूण केली. खाली 'चालू औषधे' असं लिहिलेल्या ओळीवर डब्यातल्या दोन्ही गोळ्यांची नावं नीट अक्षरात लिहिली.

त्या प्रश्नापाशी माझं पेन थांबलं होतं. इतकं मला आठवतं. का थांबलं, ते आठवत नाही. मदतनीस मुलीने काही विचारलं म्हणून थांबलं असेल. फोन वाजला असेल. किंवा मला सोमवारची गोळी आठवली असेल आणि हे लिहिलं तर डॉक्टर म्हणतील, आधी हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू, आणि पुन्हा रविवारांमागून रविवार जातील, असं वाटलं असेल. या तिन्हींपैकी कुठलं खरं, ते मी किती वेळा स्वतःला विचारलं आहे. दर वेळी जे उत्तर येतं त्यावर माझा विश्वास बसत नाही. निर्दोष उत्तर आलं तर वाटतं मी स्वतःला वाचवतो आहे. दोषाचं आलं तर वाटतं की ते आता रचलेलं आहे.

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, एक्स-रे काढला. "आजी, आ करा. अजून. मस्त. हाड चांगलं आहे, टेन्शन नाही." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, सगळं बरोबर भरलंत ना? मग इथे आजींची सही."

आईने सही केली.

महिन्याभराने दोन्ही स्क्रू बसवले. आई खुर्चीवर हात पोटाशी धरून पडली होती, देवळात बसते तशी शांत. पहिले दहा-बारा दिवस सगळं नीट चाललं. सूज आली तशी उतरली. पेज, मऊ भात, ताक. टाके काढले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, पुढचा छान आहे, मागच्याची हिरडी थोडी उशिरा मिटते आहे, बघू.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा मागची हिरडी मिटली नव्हती. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला आणि आरसा आत धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग विचारायला लागल्या.

"शुगर आहे का आजींना? कधी तपासली?"

"गेल्या वर्षी. नव्हती," मी म्हणालो.

"तंबाखू? मिशेरी?"

आई तोंड उघडं ठेवूनच रागावली. डॉक्टरांनी आरसा बाहेर काढल्यावर म्हणाली, "मिशेरी माझी सासू लावायची. मी तिचा डबा पन कधी हातात घेतला नाय."

"सॉरी आजी, विचारावं लागतं." मग माझ्याकडे बघून, "काका, कुठलं औषध सांगायचं राहून गेलंय का? कुठलंही. आठवड्याचं, महिन्याचं, इंजेक्शन?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं लिहिलंय."

पहिल्या वेळचं मला सांगता येत नाही, पण या वेळचं सांगता येतं. या वेळी मला आठवलं होतं. 'आठवड्याचं' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि देवघराखालचा खण माझ्या डोळ्यांपुढे आला. तरी मी नाही म्हणालो. आता हो म्हणालो तर आधीची खूण खोटी ठरेल, आणि ती खोटी का ठरली हे मला आईसमोर सांगावं लागेल, एवढ्यासाठी. आई बाजूलाच बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर लावलेल्या दातांच्या चित्राकडे बघत होती.

पुढच्या सोमवारी मी रजा घेऊन घरी होतो. आईने दिवा लावला, पेल्यात पाणी ओतलं, खणातून पट्टी काढली. मी दारात उभा राहून पाहिलं आणि थांब असं म्हणालो नाही. गोळी घेऊन ती गॅलरीत जाऊन बसली. मी पट्टी उचलून त्यावरचं नाव फोनवर शोधलं. नावाबरोबर जबडा हा शब्द घातला. जी चित्रं आली ती मी दोनच पाहिली. उघडं पडलेलं हाड होतं, हिरडीच्या मध्ये, पिवळट. बाकी मजकूर इंग्रजीत होता आणि एका ठिकाणी फार क्वचित असं लिहिलं होतं, तर दुसऱ्या ठिकाणी कॅन्सरच्या रोग्यांना मोठ्या डोसात देतात त्यांच्याबद्दल होतं, तिसऱ्या ठिकाणी चार वर्षांहून जास्त घेतलेल्यांबद्दल. आईची सहा झाली होती. मी फोन उलटा ठेवला. गॅलरीतून जपाची कुजबुज येत होती.

मंगळवारी ऑफिसातून परस्पर आचोळ्याला गेलो, एकटाच. डॉक्टर शेवटचा पेशंट संपवून हात धूत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. गोळीचं नाव, किती वर्षं, आणि त्यांनी तोंडी विचारलं तेव्हा मला माहीत होतं, हेही.

त्यांनी हात पुसले. बसा म्हणाल्या. आवाज वर गेला नाही, पण त्या काका म्हणायच्या थांबल्या.

"तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं माहितीये?"

"काम केलं नसतंत."

"कदाचित केलं असतं. गोळीवाल्यांना इम्प्लांट करूच नये असं नाहीये. तोंडी गोळीला रिस्क कमी असते. पण मी हाडांच्या डॉक्टरांशी बोलले असते. आजींना समोर बसवून सांगितलं असतं की असं असं होऊ शकतं. कदाचित एकच आधी लावून बघितला असता. मग त्यांनी हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं. सही त्यांनी केली, पण कशावर केली ते त्यांना कुठे माहिती होतं?"

मी विचारलं, दाढा काढल्या तेव्हाही गोळी चालू होती, तेव्हा तर पंधरा दिवसांत भरून आलं, ते कसं?

"आलं ना. चांगलं झालं. त्यावरून आताचं काही सांगता येत नाही."

"आता गोळी बंद केली तर?"

"मी अशा केसेस ज्यांना विचारते ते माझे कॉलेजचे सर म्हणतील बंद करा. पण ती हाडात वर्षानुवर्षं राहते. आज बंद केली म्हणून उद्या जबड्यातून जात नाही. हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. आणि आजींना घेऊन जा. तुम्ही एकटे नका जाऊ."

म्हणजे मी खरं लिहिलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मी केलं त्याला काय म्हणायचं तेच मला कळेना. नालासोपाऱ्याहून घरी येताना रिक्षात बसून मी सारखं वाक्य जुळवत होतो, आईला सांगायचं वाक्य. घरी पोचेपर्यंत जुळलं नाही. पुढचे चार दिवसही जुळलं नाही.

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात खाली बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी तिच्यासमोर औषधांचा डबा भरायला बसलो. बुधवारपर्यंत आलो आणि म्हणालो, "आई, दातांच्या डॉक्टरांच्या फॉर्मवर मी सोमवारची गोळी लिहिली नव्हती."

"बरं."

"विचारलं होतं त्यात. हाडांची गोळी घेता का म्हणून. मी नाही लिहिलं. आणि नंतर त्यांनी तोंडी विचारलं तेव्हा पण नाही म्हणालो. त्या गोळीमुळे जबड्याचं हाड भरून यायला कधीकधी त्रास होतो."

तिने दोन-तीन वाल सोलले. सालं एका बाजूला, दाणे परातीत.

"मला पन विचारलेलं तिने," ती म्हणाली.

"कधी?"

"फोटो काढायच्या खोलीत. तू भायेर फोनवर होतास. आजी, हाडांची गोळी चालू हाय का. मी नाय म्हटलं."

"तुला ती हाडांची आहे हे माहीत होतं?"

"मला काय येडी समजतोस? मनगट मोडलं ते माझं मोडलं होतं."

"मग नाही का म्हणालीस?"

"तुझं तोंड बघायचं होतं तू तेव्हा. दाक्तर नाय बोलली असती का तू परत त्या जुन्या दाढांचं घेऊन बसला असतास. वरीसभर तेच चाललेलं. माझ्यामुळे गेल्या, माझ्यामुळे गेल्या. दाढा माझ्या गेल्या, रडायचा तू."

"म्हणजे तुला नको होत्या दाढा?"

"नको कशाला होत्या? हव्या पन होत्या. तू येवढं इचारतोस का मला पन कळत नाय काय ते." तिने परात माझ्याकडे सरकवली. "बसलायस तर सोल."

मी वाल सोलायला घेतले. माझ्या हातून दाण्याचे दोन भाग व्हायचे आणि ती ते वेगळे काढायची.

तिने सांगितलं ते खरं असेल. पण मी सात-आठ वर्षांचा असताना वाडीतला पाण्याचा पंप चालू ठेवून खेळायला गेलो होतो, आणि केळींच्या दोन ओळी सबंध दुपार पाण्यात उभ्या होत्या. वडील संध्याकाळी आले तेव्हा आईने सांगितलं की पंप तिनेच चालू ठेवला, विसरली. मी शेजारीच उभा होतो. तिने इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाही वाटलं, तिनेच ठेवला असेल. त्या पंपाबद्दल आम्ही पुढे कधीच बोललो नाही. आता वालाच्या परातीसमोर तोच सहज आवाज होता.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलंही. एक्स-रेच्या खोलीत तुम्ही आईला गोळीबद्दल विचारलं होतं का? त्या म्हणाल्या, "विचारलं असेन, मी सगळ्यांना विचारते. पण आजींना विचारलं का, नक्की नाही आठवत." मग म्हणाल्या, "का?" मी म्हणालो, काही नाही.

हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. या वेळी आईने चष्मा घेतला होता. त्यांनी जुने कागद पाहिले आणि आधी मला झापलं. "पाच वर्षांनी या म्हटलं होतं. सहा वर्षं कुणाच्या चिठ्ठीवर आणत होता?"

मी म्हणालो, चिठ्ठी कुणी मागितलीच नाही. दातांच्या डॉक्टरांचे सर गोळी लगेच बंद करा म्हणतात, हेही सांगितलं.

"त्यांना जबडा दिसतो, मला खुबा दिसतो," ते म्हणाले. "या वयात खुबा मोडला तर बाई अंथरुणाला खिळते. तपासणी केल्याशिवाय मी बंद करणार नाही."

तपासणीत हाडं पूर्वीपेक्षा बरी निघाली. मग तेच म्हणाले, आता थांबवू, वर्षाने पुन्हा बघू. मी विचारलं, याने जबड्याला फायदा होईल का? ते म्हणाले, ठामपणे सांगता येत नाही. मी विचारलं, मग पाच वर्षांनी आलो असतो आणि तेव्हाच थांबवली असती तर? ते म्हणाले, तेही सांगता येत नाही. आईने मला कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "दाक्तरला किती छळशील. तो काय जोतिषी हाय?"

दोन महिने आम्ही औषधाच्या पाण्याने गुळण्या, मधे पाच दिवस अँटिबायोटिक, आणि दर आठवड्याला आचोळे, असं करत राहिलो. हाड उघडं पडलं नाही. तेवढ्याची मला रोज भीती होती. मी तिला सकाळी उजेडाकडे तोंड करून आ करायला लावायचो, आणि ती करायची, आणि मला लालसर हिरडीशिवाय काही कळायचं नाही. पण मागचा स्क्रू हलायला लागला. एका शनिवारी डॉक्टरांनी तो नुसत्या बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, हा काढावा लागेल. पाच मिनिटांचं काम होतं. तो निघाला तेव्हा त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला. बोटाच्या पेरापेक्षाही लहान होता.

"गोळीमुळे?" मी विचारलं.

"माहीत नाही. गोळी न घेणाऱ्यांचेही काही वेळा निघतात. आजींचं खालचं हाड मागच्या बाजूला जरा मऊ होतं. गोळीमुळे असेल, नसेल. मी फाइलमध्ये दोन्ही लिहिणार." त्यांनी आईच्या तोंडात कापसाचा घट्ट बोळा ठेवला. "आजी, दातांनी दाबून धरा. वीस मिनिटं बोलायचं नाही."

मग हातमोजे काढता काढता त्या माझ्याकडे वळल्या. बहुधा सवयीने. "पुढे काय करायचं, काका? चार-सहा महिन्यांनी हाड भरलं तर परत लावून बघू शकतो. किंवा पुढचा एकच ठेवू आणि त्यावर दाढ बसवू. किंवा काहीच नको."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. नको, आता काहीच नको. आणखी त्रास नको तिला. ते उत्तर चांगलंही होतं. पण ते कुणाचं होतं? मला पुन्हा दवाखान्यात बसायचं नव्हतं म्हणून ते तयार होतं, की तिच्यासाठी, हे त्या क्षणी मला कळेना, फॉर्मवर पेन का थांबलं ते कळत नाही तसंच.

"आईला विचारा," मी म्हणालो.

"त्यांना बोलता येणार नाही आत्ता."

"मग थांबू या."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या, मग घड्याळाकडे, मग म्हणाल्या, ठीक आहे. बाहेर दोन पेशंट बसले होते. त्यांना मदतनीस मुलीने थोडं थांबायला सांगितलं. आई खुर्चीवर टेकून पडली होती, गाल फुगलेला. एकदा तिने हाताने मला खूण केली, चल घरी, कशाला ताटकळवतोस लोकांना. मी मान हलवली. तिने डोळे मोठे केले, माझ्या लहानपणी करायची तसे. मी तरी उठलो नाही.

वीस मिनिटं झाल्यावर तिने स्वतःच बोळा काढला, ट्रेमध्ये टाकला, आणि माझ्याकडे न बघता डॉक्टरांना विचारलं, "पुढचा जो हाय, तो राहील ना?"

"बहुतेक राहील, आजी."

"बहुतेक मंजे किती?"

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या. एक्स-रे उजेडासमोर धरला. इथे हाड, इथे स्क्रू, ही रेघ दिसते का. आईने पिशवीतून चष्मा काढून लावला आणि पुढे वाकली. काही ठिकाणी तिने मान हलवली. एका ठिकाणी म्हणाली, हे परत सांगा. मी एकदा मधे बोलणार होतो, डॉक्टरांनी सांगितलेलं तिला सोपं करून सांगावं म्हणून. तिने न वळता हात वर केला.

मीही एक्स-रेवरच्या त्या रेघेकडे बघत ऐकायला लागलो. बरंच काही मलाही पहिल्यांदाच कळत होतं.